युद्धकाळातली अमेरिकन निवडणूक अभ्यासायची तर कोणती घ्यावी: 1968 की 2004?

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक जवळ आली की मला एक प्रश्न हमखास येतो. विचारणारा कधी एम.ए.चा विद्यार्थी असतो, कधी कॉलेजात नव्याने लागलेला प्राध्यापक, कधी आमच्यासारखंच रविवारचं अभ्यासमंडळ चालवणारं कुणीतरी. विषय ठरलेला असतो: युद्ध चालू असताना अमेरिकेचं परराष्ट्र धोरण तिथल्या निवडणुकीवर काय परिणाम करतं? हाताशी वेळ असतो सात-आठ बैठकांचा, म्हणजे एकच निवडणूक नीट बघता येणार. मग गाडी दोन सालांवर येऊन थांबते. व्हिएतनाम युद्धातली 1968 घ्यावी, की इराक युद्धातली 2004?

ही निवड मला स्वतःलाही करावी लागली आहे. साताऱ्यात आमचं बारा-चौदा जणांचं मंडळ आहे. वाचनालयाच्या वरच्या खोलीत रविवारी सकाळी बसतो. आम्ही आधी 2004 घेतली आणि पुढच्या वर्षी 1968. पुन्हा घ्यायची वेळ आली तर मी कोणती घेईन हे माझ्या मनात पक्कं आहे. पण तुमची गरज वेगळी असू शकते, म्हणून दोन्हीकडचं सांगतो.

कोण जिंकलं, कोण हरलं हे एका ओळीत: 1968 मध्ये रिपब्लिकन निक्सन यांनी डेमोक्रॅट उपाध्यक्ष हम्फ्री यांना हरवलं, 2004 मध्ये रिपब्लिकन अध्यक्ष बुश यांनी डेमोक्रॅट जॉन केरी यांना. 1952 आणि 1972 का नाही, असं काही जण विचारतात. कोरियातलं युद्ध चालू असताना उमेदवार आयसेनहॉवर यांनी 24 ऑक्टोबर 1952 ला डेट्रॉइटमध्ये ‘मी कोरियाला जाईन’ असं जाहीर केलं. 1972 मध्ये मतदानाला दोन आठवडेही उरले नव्हते तेव्हा अध्यक्ष निक्सन यांचे सल्लागार किसिंजर यांनी व्हिएतनाममध्ये शांतता हाताशी आल्याचं सांगितलं. दोन्ही प्रसंग शिकवायला चांगले आहेत, पण दोन्ही निकाल इतके एकतर्फी लागले की युद्धामुळे किती मतं फिरली हे विचारण्यात फारसं हशील राहत नाही. आपल्या दोन निवडणुका मात्र अटीतटीच्या होत्या. 1968 मध्ये निक्सन यांना 43.4 टक्के आणि हम्फ्री यांना 42.7 टक्के मतं पडली. 2004 मध्ये सगळं ओहायो या एका राज्यावर आलं आणि तिथला फरक होता सुमारे 1 लाख 18 हजार मतांचा.

2004 पासून सुरुवात करतो, कारण आम्हीही तिथूनच केली.

या निवडणुकीची मोठी सोय अशी की ती ओळखीची आहे. आमच्या मंडळातल्या पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला बगदादमध्ये सद्दामचा पुतळा पडतानाचं दृश्य आठवत होतं. विमानवाहू जहाजावर ‘मिशन अकम्प्लिश्ड’च्या फलकाखाली बुश यांनी केलेलं 1 मे 2003 चं भाषण, डिसेंबरात पकडलेला सद्दाम, 2004 च्या एप्रिलअखेर बाहेर आलेली अबू घरेबच्या तुरुंगातली कैद्यांच्या छळाची छायाचित्रं, यातलं काहीच मला समजावून सांगावं लागलं नाही. चित्रफिती सहज मिळतात आणि इंग्रजी आजचं आहे, त्यामुळे तरुण मुलं लगेच रमतात.

शिवाय या विषयाला एक आपला धागाही आहे. एप्रिल 2003 मध्ये आपल्या लोकसभेने इराकवरच्या हल्ल्याविरुद्ध ठराव केला तेव्हा सभापतीच्या आसनावर मनोहर जोशी होते. त्या ठरावात ‘निंदा’ हा शब्द मोठ्या खटपटीनंतर आला, कारण सरकारला अमेरिकेशी संबंध बिघडवायचे नव्हते आणि विरोधकांना मिळमिळीत शब्द नको होता. पुढे जुलैमध्ये वाजपेयी सरकारने इराकमध्ये सैन्य पाठवायला नकार दिला. एका शब्दासाठी दिल्लीत एवढी ओढाताण का झाली, यावर आमची एक अख्खी बैठक झाली आणि ती फार चांगली झाली.

पण 2004 मधला सगळ्यात मोलाचा भाग माझ्या मते जॉन केरी यांची कोंडी हा आहे. युद्धाच्या काळात विरोधी पक्षाचा उमेदवार कसा अडकतो, हे इतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसतं. ऑक्टोबर 2002 मध्ये सिनेटने 77 विरुद्ध 23 मतांनी बुश यांना बळाचा वापर करायची मुभा दिली आणि त्या 77 जणांत केरी होते. वर्षभराने युद्धखर्चासाठी 87 अब्ज डॉलरचं विधेयक आलं. हा पैसा श्रीमंतांची करकपात मागे घेऊन उभा करावा अशी दुरुस्ती मांडली गेली, तिला त्यांनी मत दिलं. ती फेटाळली गेल्यावर मूळ विधेयकाच्या विरोधात मत दिलं. विचार करून घेतलेली भूमिका होती. पण 16 मार्च 2004 ला वेस्ट व्हर्जिनियातल्या हंटिंग्टनमध्ये ती सांगताना ते म्हणाले की 87 अब्जांच्या विरोधात मत देण्याआधी मी त्याच्या बाजूने मत दिलं होतं. बुश यांच्या प्रचाराने ते वाक्य उचललं आणि जाहिरातीत घातलं. पुढे नोव्हेंबरपर्यंत केरी त्या वाक्यातून बाहेर आले नाहीत.

ऑगस्टमध्ये ग्रँड कॅन्यनच्या काठावर पत्रकारांनी त्यांना विचारलं, इराकमध्ये संहारक अस्त्रं सापडणार नाहीत हे तेव्हा माहीत असतं तरी तुम्ही तेच मत दिलं असतं का? ते हो म्हणाले, अध्यक्षाच्या हाती असा अधिकार असायला हवा म्हणाले. हा भाग मी फळ्यावर दोन रकाने करून शिकवला. एका रकान्यात ‘युद्ध चूक होतं’ म्हटलं तर काय गमावतो, दुसऱ्यात ‘युद्ध बरोबर होतं’ म्हटलं तर काय गमावतो. दोन्ही रकाने भरत गेले. सैनिक रणांगणात असताना युद्ध चूक म्हणावं तर सैनिकांशी दगा, आणि बरोबर म्हणावं तर मग माणूस बदलायचा कशाला? व्हिएतनाममध्ये लढून पदकं मिळवलेला माणूस पक्षाच्या बॉस्टनच्या अधिवेशनात सलाम करून ‘कामावर हजर आहे’ म्हणतो, आणि महिन्याभरात त्याच्या त्याच लढण्यावर जाहिरातींतून शंका घेतल्या जातात. मुलं हे ऐकताना गप्प झाली होती.

आकडेवारीची आवड असेल तर तीही इथे भरपूर आहे. डेव्हिड कॅरोल आणि एडवर्ड मिगेल या दोन अभ्यासकांनी कुठल्या राज्यातले किती सैनिक इराकमध्ये मारले गेले किंवा जखमी झाले, आणि त्या राज्यात बुश यांची मतं आधीच्या तुलनेत किती बदलली, हे ताडून पाहिलं. त्यांचा निष्कर्ष असा की या जीवितहानीमुळे बुश यांना देशभरात सुमारे 2 टक्के मतांचा फटका बसला. म्हणजे ती नसती तर निकाल बराच सोपा लागला असता. संख्याशास्त्र शिकवणाऱ्यांनी ही निवडणूक घ्यावी असं मी म्हणतो ते यासाठीच.

आता मला जे खटकलं ते.

चौथ्या रविवारी मी एक्झिट पोलचे आकडे फळ्यावर लिहिले. मतदान करून बाहेर पडणाऱ्यांना विचारलं होतं की तुमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा कोणता. नैतिक मूल्यं 22 टक्के, अर्थव्यवस्था आणि रोजगार 20 टक्के, दहशतवाद 19 टक्के, इराक 15 टक्के. मी खडू खाली ठेवायच्या आत मागून प्रश्न आला, ‘सर, 19 आणि 15 ची बेरीज करायची का?’

प्रश्न साधा वाटतो, पण सगळं त्याच्यावर आहे. बेरीज केली तर 34 होतात आणि ही निवडणूक युद्धावर झाली असं म्हणता येतं. नाही केली तर नैतिक मूल्यं वर राहतात आणि मग ती चर्चवर, समलिंगी विवाहांवर, ओहायोत त्याच दिवशी झालेल्या सार्वमतावर झाली असं म्हणावं लागतं. त्या वेळच्या अमेरिकन वर्तमानपत्रांनी हाच दुसरा अर्थ उचलून धरला होता. बरं, बेरीज करावी तर आणखी पंचाईत. दहशतवाद म्हणणाऱ्यांपैकी 86 टक्के बुश यांच्याकडे गेले होते आणि इराक म्हणणाऱ्यांपैकी 73 टक्के केरी यांच्याकडे. एकच युद्ध असेल तर त्याची दोन टोकं अशी विरुद्ध दिशेला कशी? आणि दोन वेगळी युद्धं असतील तर बुश वर्षभर ती एकच आहेत असं जे सांगत होते, ते मतदारांनी मानलं की नाही?

आम्ही यात दोन रविवार घातले. मंडळात दोन तट पडले, आणि वाद निवडणुकीचा न राहता इराक हा दहशतवादाविरुद्धच्या लढ्याचा भाग होता की नव्हता याचा झाला. म्हणजे जे शिकायला बसलो होतो त्याच्या एक पायरी आधीच अडकलो. मतदारांसमोर प्रश्नावलीतच युद्धाचे दोन चौकोन ठेवले होते. त्यामुळे युद्धाचा परिणाम किती, याचं उत्तर तुम्ही चौकोनाला काय नाव देता यावर ठरतं. मी घरी येऊन आकडे पुन्हा पुन्हा मांडून पाहिले. काही केल्या ते एका बाजूला बसेनात.

दुसऱ्या मंडळाला कदाचित हीच गोष्ट आवडेल. एखाद्या शिक्षकाला तर हाच विषयाचा गाभा वाटेल. मला मात्र ते सलत राहिलं, आणि पुढच्या वर्षी आम्ही 1968 कडे वळलो त्याचं कारण हेच.

1968 अवघड आहे हे आधीच सांगतो. त्या वर्षात इतकं घडलं की पहिल्या दोन बैठका नुसत्या तारखा लावण्यातच जातात. जानेवारीअखेर दक्षिण व्हिएतनामभर कम्युनिस्टांनी केलेला टेटचा हल्ला, एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या, जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांची, ऑगस्टमध्ये डेमोक्रॅट्सच्या शिकागोच्या अधिवेशनाबाहेरचा लाठीमार. वंशभेदाच्या राजकारणावर उभे राहिलेले जॉर्ज वॉलेस 13.5 टक्के मतं घेऊन गेले. तेव्हा युद्ध बाजूला काढून दाखवता येतं असा माझा दावा नाही. नावंही जड जातात. थिएऊ, बुई डिएम, शेनॉल्ट ही नावं तोंडात बसायला वेळ लागतो.

आणि एक गोष्ट मी लपवणार नाही, कारण ती माझ्या आवडीच्या विरोधात जाते. बेंजामिन पेज आणि रिचर्ड ब्रॉडी या अभ्यासकांनी 1972 मध्ये दाखवून दिलं की व्हिएतनामबद्दलच्या मतांनी 1968 च्या मतदानात फार फरक पडला नाही. लोक युद्धाबद्दल बेफिकीर होते असं नव्हे. निक्सन आणि हम्फ्री दोघांच्या भूमिका इतक्या जवळजवळ होत्या की मतदाराला त्यांच्यात निवड करायला जागाच नव्हती. त्याआधी मार्चमध्ये न्यू हॅम्पशायरच्या प्रायमरीत, म्हणजे डेमोक्रॅट्सच्या पक्षांतर्गत मतदानात, युद्धविरोधी युजीन मॅकार्थी यांना 42 टक्के मतं मिळाली आणि तेव्हाचे अध्यक्ष जॉन्सन यांना 49. तो युद्धविरोधाचा विजय म्हणून सगळीकडे सांगितला जातो. पण मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी पाहिलं तर मॅकार्थींना मत देणाऱ्यांतही जॉन्सन युद्ध पुरेसं जोरात लढत नाहीत म्हणून रागावलेले जास्त निघाले.

म्हणजे युद्धाने मतं किती फिरवली एवढंच मोजायचं असेल तर 1968 तुमची निराशा करेल.

मग माझं मन तिच्याकडे का ओढतं? कारण 1968 मध्ये उलटी दिशा दिसते. निवडणुकीने युद्ध कसं फिरवलं ते दिसतं, आणि तेही तारखेनिशी. 31 मार्चला जॉन्सन यांनी एकाच भाषणात उत्तर व्हिएतनामवरचे बाँबहल्ले मर्यादित केले आणि आपण पुन्हा उभे राहणार नाही असंही सांगितलं. पुढे 31 ऑक्टोबरला, मतदानाला पाच दिवस असताना, बाँबहल्ले पूर्ण थांबवले. दोन्ही निर्णय लष्करी होते, राजनैतिक होते आणि निवडणुकीचेही होते. यातला कुठला धागा कुठे संपतो हे सांगायचं तर कागद लागतात. 1968 चे कागद आहेत, आणि नुसते कागदच नाहीत.

जॉन्सन आपले फोन ध्वनिमुद्रित करत असत. ती संभाषणं आता सगळ्यांना खुली आहेत. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मिलर सेंटरने ती इंटरनेटवर ठेवली आहेत, कुणीही फुकट ऐकू शकतं. पाचव्या रविवारी मी 2 नोव्हेंबर 1968 चं संभाषण लावलं. खोलीत पंख्याचा आवाज होता, तो बंद केला. जॉन्सन यांचा टेक्सासचा हेल पहिल्यांदा कुणालाच कळला नाही, म्हणून तीनदा ऐकलं. पलीकडे सिनेटमधले रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन. जॉन्सन सांगताहेत की निक्सन यांच्या बाजूची माणसं सायगावच्या, म्हणजे दक्षिण व्हिएतनामच्या, सरकारला पॅरिसच्या वाटाघाटींपासून लांब राहायला सांगताहेत. मग ते म्हणतात, हा देशद्रोह आहे. डर्कसन म्हणतात, मला ठाऊक आहे.

बस्स, एवढंच. तिसऱ्यांदा ऐकल्यावर खोलीत कुणी बोललं नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी. बाँबहल्ले थांबले की दक्षिण व्हिएतनामचं सरकार पॅरिसला येईल असं ठरत आलं होतं. निक्सन यांच्यासाठी निधी गोळा करणाऱ्या ॲना शेनॉल्ट सायगावच्या वॉशिंग्टनमधल्या राजदूतांच्या, बुई डिएम यांच्या, संपर्कात होत्या. त्यांचा निरोप असा की घाई करू नका, निक्सन आले तर तुमचं अधिक भलं होईल. जॉन्सन यांना हे दूतावासावरच्या पाळतीतून कळलं. 2 नोव्हेंबरला दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष थिएऊ यांनी आपण पॅरिसला जाणार नाही असं जाहीर केलं. दुसऱ्या दिवशी निक्सन यांनी स्वतः जॉन्सन यांना फोन करून आपला यात हात नाही असं सांगितलं. 4 तारखेला जॉन्सन यांनी आपल्या सल्लागारांना विचारलं की हे जाहीर करावं का. त्यांनी नको म्हटलं, आणि हम्फ्री यांनीही ते प्रचारात वापरलं नाही. 5 तारखेला मतदान झालं.

त्यानंतर या कागदांचं काय झालं हे तर वेगळंच प्रकरण आहे. जॉन्सन यांचे सुरक्षा सल्लागार वॉल्ट रॉस्टो यांनी यासंबंधीची कागदपत्रं एका पाकिटात बंद करून 1973 मध्ये जॉन्सन ग्रंथालयाकडे दिली आणि पन्नास वर्षं उघडू नका असं लिहून ठेवलं. ते ‘एक्स’ पाकीट 1994 मध्येच उघडलं गेलं. पुढे 2017 च्या सुमारास जॉन फॅरेल या चरित्रकाराने निक्सन यांचे सहकारी हाल्डमन यांच्या हस्ताक्षरातली 22 ऑक्टोबर 1968 ची टिपणं पुढे आणली. त्यात ॲना शेनॉल्ट यांना दक्षिण व्हिएतनामच्या कामाला लावून ठेवा अशी निक्सन यांची सूचना आहे. हे नसतं तर थिएऊ आले असते का, शांतता झाली असती का, यावर इतिहासकारांचं एकमत नाही, आणि मीही निकाल देत नाही. थिएऊंना स्वतःची कारणं होतीच. पण अभ्यासाला बसलेल्याच्या हातात तारीख, आवाज आणि हस्ताक्षर असं तिन्ही येतं. 2004 मध्ये माझ्या हातात शेवटी एक प्रश्नावली होती.

हम्फ्री यांचा 30 सप्टेंबरचा दिवसही आवर्जून घ्या. तेव्हा गॅलप संस्थेच्या मतदार-पाहणीत ते निक्सन यांच्या 15 टक्के मागे होते. सॉल्ट लेक सिटीतून त्यांनी टीव्हीवर भाषण केलं आणि शांततेसाठी पत्करण्याजोगा धोका म्हणून आपण बाँबहल्ले थांबवू असं सांगितलं. बोलण्याआधी त्यांनी समोरच्या मेजावरून उपाध्यक्षपदाचं बोधचिन्ह काढायला लावलं. आपल्याच अध्यक्षाच्या युद्धापासून एक पाऊल लांब जायचं तर माणूस काय करतो? मेजावरची खूण उतरवतो. पुढच्या पाच आठवड्यांत अंतर भरत आलं आणि शेवटी 0.7 टक्क्यांवर राहिलं. यात युद्धाचा वाटा किती आणि कामगार संघटनांनी वॉलेस यांच्याकडची मतं परत आणली त्याचा किती, हे सांगणं कठीण आहे. पण त्याच 30 सप्टेंबरला, 36 वर्षांनी, फ्लोरिडात बुश आणि केरी यांचा पहिला वादविवाद झाला. दोन्ही शेजारी ठेवून ऐकले तर उपाध्यक्षाची आणि विरोधकाची कोंडी किती वेगळी असते ते दिसतं. हम्फ्रींना आपल्याच माणसाशी भांडायचं होतं आणि ते त्यांना जमत नव्हतं.

आमच्याकडचा सर्वांत जिवंत क्षण मात्र मी ठरवून आणलेला नव्हता. मी सांगत होतो की 1968 मध्ये सक्तीची सैन्यभरती होती, अठरा-एकोणीस वर्षांची पोरं व्हिएतनामला जात होती, त्या एका वर्षात 16 हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक मारले गेले, आणि बहुतेक राज्यांत मताचं वय 21 होतं. ते 18 झालं 1971 च्या घटनादुरुस्तीने. आमच्यात एक निवृत्त सुभेदार आहेत, अपशिंगे भागातले. आम्ही त्यांना काकाच म्हणतो. ते सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, ‘एकाहत्तरच्या डिसेंबरात मी एकोणीस वर्षांचा होतो. मला बी मत न्हवतं.’ आपल्याकडेही मताचं वय 21 होतं आणि ते 18 झालं 1989 मध्ये, हे आम्हाला पाठ होतं. पण लढाईवर गेलेला, मत नसलेला मुलगा आमच्या शेजारच्या खुर्चीवर आजवर बसत होता हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यानंतरची चर्चा माझ्या हातात राहिली नाही आणि मी ती राहू दिली नाही. जे लढतात त्यांचं आणि जे मत देतात त्यांचं नातं काय, हा प्रश्न 2004 च्या स्वयंसेवी सैन्यात असा टोकदार होऊन समोर येत नाही.

आपल्या रेशनच्या दुकानापर्यंतही ते युद्ध आलं होतं. 1966 मध्ये दुष्काळाने देश गांजलेला असताना जॉन्सन अमेरिकन गहू महिन्या-महिन्याच्या हिशोबाने सोडत होते. शेतीधोरण बदला हा आग्रह त्यामागे होताच, पण इंदिरा गांधींच्या सरकारने व्हिएतनामवरच्या बाँबहल्ल्यांवर केलेली टीकाही त्यांना झोंबली होती. माझी आई त्या गव्हाच्या पोळ्यांबद्दल बोलायची, रंगाबद्दल आणि त्या पटकन वातड व्हायच्या त्याबद्दल. तो गहू उशिरा का यायचा हे तिला कधी कळलं नाही. मंडळात हे सांगितल्यावर तीन घरांतून तशाच आठवणी आल्या.

तेव्हा कुणी काय घ्यावं? मुलं बारावी किंवा पदवीच्या पहिल्या वर्षाची असतील, वेळ चारच बैठकांचा असेल, किंवा मतदारांचं वर्तन हाच अभ्यासक्रमातला धडा असेल, तर 2004 घ्या. तिथे आकडे स्वच्छ मिळतात आणि केरींच्या कोंडीसारखा धडा दुसरीकडे मिळायचा नाही. तिला जोडून 2006 ची मध्यावधी निवडणूकही घेता येते. तेव्हा युद्धाचा राग उशिरा का होईना पेटीतून बाहेर आला, दोन्ही सभागृहं डेमोक्रॅट्सकडे गेली आणि मतदानाच्या दुसऱ्याच दिवशी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांचा राजीनामा जाहीर झाला. इराकमधल्या फालुजा शहरावरचा अमेरिकेचा दुसरा मोठा हल्ला 2004 च्या मतदानानंतर पाच दिवसांनी सुरू झाला, तीही तारीख मुलांपुढे ठेवण्यासारखी आहे.

पण आठ बैठका असतील, वेगवेगळ्या वयाची माणसं असतील, आणि परराष्ट्र धोरण म्हणजे नेमकं कुणी, कुठल्या खोलीत, कुठल्या दिवशी ठरवलं हे बघायची इच्छा असेल, तर माझं मन 1968 कडेच झुकतं. निक्सन आल्यावर शांतता करारावर सह्या व्हायला 27 जानेवारी 1973 उजाडलं. मधल्या काळात आणखी 20 हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक मारले गेले, आणि व्हिएतनामी माणसं त्याच्या कितीतरी पट. ती फोनवरची दोन वाक्यं ऐकताना हा आकडा मनात असतो, म्हणून ती दोन वाक्यं विसरता येत नाहीत.

1968 घेतलीत तर तारखांचा तक्ता भिंतीवर पहिल्याच दिवशी लावा, आणि ध्वनिमुद्रणं लावण्याआधी त्यांची लिखित प्रत छापून प्रत्येकाच्या हातात द्या. ते आम्ही केलं नव्हतं. आणि 2004 घ्यायचीच ठरली तर फळ्यावर आकडे लिहिण्याआधी सगळ्यांनी मिळून ठरवून टाका की 19 आणि 15 ची बेरीज करायची की नाही.